गोळी हातात देण्याआधी: कोकणात नव्याने रुजू झालेल्या आरोग्यकर्मींसाठी किडनी आणि औषधांची ओळख

ओपीडीच्या टेबलावर दोन केसपेपर आहेत असं समजा. एक ३० वर्षांचा खलाशी, मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी ओढणारा, वजन ६५ किलो. दुसऱ्या ७२ वर्षांच्या आजी, वजन ४२ किलो, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू. दोघांच्याही रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२. लॅबने दोन्ही आकड्यांपुढे बाण काढलेला नाही, म्हणजे कागदाच्या हिशेबाने दोघंही नॉर्मल.

आता हिशेबासाठी मोबाइल काढा. १९७६ साली कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी दिलेलं, किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज सांगणारं एक साधं सूत्र आहे: १४० मधून वय वजा करा, उत्तराला वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. खलाशाचं उत्तर येतं मिनिटाला साधारण ८३ मिली. आजींचं येतं २८. एकच १.२, पण एकाची किडनी ठणठणीत आणि दुसरीची निम्म्याहून जास्त खचलेली. आजींच्या हातात आपण रोज ज्या गोळ्या ठेवतो त्यातल्या दोन-तीन या आकड्यावर बदलायला हव्या होत्या, आणि ते कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

उपकेंद्रावर नव्याने आलेल्या सीएचओ, एएनएम, ग्रामीण रुग्णालयातल्या नव्या स्टाफ नर्स आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः नर्स आहे, बरीच वर्षं याच किनाऱ्यावर काम केलं. औषध सुरू करायचं की थांबवायचं हे डॉक्टरच ठरवणार. पण पेशंटच्या तोंडात गोळी जाण्याआधीचा शेवटचा हात आपला असतो, आणि त्या हाताला काय बघायचं ते माहीत हवं.

पहिली पायरी: आकडा एकटा वाचू नका

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज ठरावीक प्रमाणात निघणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीत टाकते. गाळणी बंद पडायला लागली की रक्तात तो साचतो. इतकं सोपं असूनही तो फसवतो, कारण तो किती बनतो हे स्नायूंवर अवलंबून आहे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, पाय कापलेला मधुमेही, हाडं-कातडी उरलेला टीबीचा पेशंट, यांच्यात तो मुळातच कमी बनतो, म्हणून किडनी बिघडूनही आकडा साळसूद दिसतो. उलट पिळदार अंगाच्या माणसात तो किडनी चांगली असतानाही थोडा वर असू शकतो. आदल्या रात्री मटण-मासळीचं भरपेट जेवण झालं असेल तरी सकाळी वर दिसतो. को-ट्रायमॉक्साझोल चालू असेल तर किडनीला काही न होताही वर जातो, आणि त्याच गोळीने पोटॅशियम मात्र खरोखर वाढतं.

म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, लिहिलेला आहे का ते बघा. आता बहुतेक लॅब सीकेडी-ईपीआय या सूत्राने तो काढतात. आपल्या आजींचा त्या सूत्राने साधारण ४८ येतो, कॉक्रॉफ्ट-गॉल्टने २८. इथे नवे लोक गोंधळतात की खरा कुठला. ईजीएफआर हा एका ठरावीक आकाराच्या शरीराला धरून काढलेला आकडा आहे, आजार कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवायला तो बरा. पण ४२ किलोच्या माणसाला औषधाचा डोस ठरवायचा असतो तेव्हा त्याचा स्वतःचा देह हिशेबात घ्यावा लागतो. बारीक, वयस्क पेशंट असेल तर मी दोन्ही आकडे केसपेपरवर लिहून डॉक्टरांपुढे ठेवते. त्याला एक मिनिटही लागत नाही. त्यासाठी एकच अट, पेशंटचं वजन केलेलं हवं. वजनकाटा कोपऱ्यात धूळ खात असेल तर आधी तो पुसून बाहेर काढा.

टप्पे पाठ करून ठेवा: ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार. ४५ च्या खाली गेलं की औषधांच्या डोसबद्दल विचारायचं, ३० च्या खाली प्रत्येक नव्या औषधाला विचारायचं, १५ च्या खाली डायलिसिसची तयारी. तीन महिन्यांची अट महत्त्वाची आहे. एका रिपोर्टवर कुणालाही किडनीचा पेशंट ठरवू नका. माणसं घाबरतात, जमिनीचा तुकडा विकायला काढतात.

आणि जुना रिपोर्ट मागाच. १.४ हा आकडा काही सांगत नाही. मागच्या गणपतीत ०.८ होता आणि आज १.४ आहे, हे पुष्कळ सांगतं. ४८ तासांत ०.३ ने जरी वाढला, किंवा आठवड्यात दीडपट झाला, तरी ती किडनीला झालेली ताजी इजा मानतात. अशा वेळी ईजीएफआर बघू नका, तो स्थिर माणसासाठी असतो. किडनीचं काम आज सकाळी बंद पडलं तरी क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस लागतात, तोवर सूत्र खोटं बोलत राहतं.

त्या दोन दिवसांत खरं सांगते ती लघवी. किलोमागे तासाला अर्धा मिली, हे गणित. ५० किलोच्या माणसाला सहा तासांत १५० मिलीपेक्षा कमी झाली तर फोन उचला. वॉर्डात मोजायचं भांडं नसेल तर सलाईनच्या रिकाम्या बाटलीचा वरचा भाग कापून घ्या, तिच्यावर खुणा छापलेल्याच असतात. नातेवाइकांना दाखवून द्या, ते मनापासून मोजतात. "लघवी होतेय का?" विचारलं तर उत्तर कायम "होतेय" असंच येतं.

दुसरी पायरी: लघवीतली प्रथिनं

गाळणी फाटायला लागली की अल्ब्युमिन लघवीत उतरतं, आणि हे बरेचदा क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी होतं. मधुमेहात आणि बीपीत तर हाच पहिला इशारा. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, म्हणजे एसीआर, हा त्याचा नेमका आकडा. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर फार वाढ. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी, किंवा आदल्या दिवशी जबर अंगमेहनत असेल तर तो आकडा उगीच वाढतो. लावणीच्या दिवसांत बाईची लघवी तपासून निष्कर्ष काढू नका, आठवड्याने परत बोलवा.

उपकेंद्रावर एसीआर मिळणार नाही, पट्टी मिळेल. पट्टीबद्दल मात्र इथे थांबून सांगते, कारण शहरात शिकून आलेल्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. कोकणातला पावसाळा पट्ट्यांची वाट लावतो. जूनपासून हवा इतकी ओली की बाटलीचं झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं तरी आतल्या चौकटी दमट होतात आणि रंग चुकीचा येतो. बाटलीच्या आत जी छोटी पुडी असते ती ओलावा शोषून घेण्यासाठी असते, ती कचरा म्हणून टाकू नका. पट्टी काढायची, लगेच झाकण घट्ट लावायचं, मगच बुडवायची. बुडवून बाहेर काढताना कडेवर निथळायची, आडवी धरायची, आणि बाटलीवर लिहिलेल्या सेकंदांनीच वाचायची. प्रोटीनसाठी बहुतेक ६० सेकंद असतात. दोन मिनिटांनी वाचलेली पट्टी प्रत्येकाला आजारी करते. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा. न वापरलेल्या पट्टीचा रंग बाटलीवरच्या शून्याच्या चौकटीशी जुळत नसेल तर ती बाटली बाद.

गरोदर बाईच्या लघवीत प्रोटीन आणि बीपी १४०/९० किंवा वर असेल तर हा लेख बाजूला ठेवून तिला आधी डॉक्टरांकडे पोचवा. ते गरोदरपणातलं बीपी, त्याचं घड्याळ वेगळं. एवढं मात्र इथेच सांगते, टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल ही घराणी गरोदरपणात चालत नाहीत. बीपीची गोळी घेणाऱ्या तरुण बाईची पाळी चुकली की तिने आधी तुम्हाला येऊन सांगितलं पाहिजे, इतका विश्वास तिला वाटायला हवा.

तिसरी पायरी: नव्या खुणा, जितकं लागेल तितकंच

प्रशिक्षणात बायोमार्कर हा शब्द आला की पुढे नावांची रांग लागते. दडपून जाऊ नका. सिस्टॅटिन सी हे जवळजवळ सगळ्या पेशींतून निघणारं छोटं प्रथिन, स्नायूंवर अवलंबून नाही, म्हणून आपल्या आजींसारख्या पेशंटमध्ये क्रिएटिनिनवर शंका आली तर तज्ज्ञ ते मागवतात. थायरॉइडचा बिघाड किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तेही डगमगतं. एनगॅल आणि किम-१ या किडनीच्या नळ्यांना इजा झाली की काही तासांत वाढणाऱ्या खुणा. क्रिएटिनिनचे दोन दिवस वाचवतील अशी त्यांच्याकडून आशा आहे, पण रोजच्या कामात आपल्यापर्यंत त्या पोचलेल्या नाहीत. पीएलए२आर या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं २००९ साली सापडली. पायांना सूज आणि लघवीत फेस घेऊन येणाऱ्या एका प्रकारच्या आजारात त्या चाचणीमुळे काही जणांची बायोप्सी टळते.

एक गोष्ट मात्र गावातही लक्षात ठेवण्यासारखी. केरळमध्ये अलीकडे गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने किडनीतून प्रथिनं गळायला लागलेले पेशंट सापडले. जत्रेत, बाजारात बिनलेबलची क्रीम इथेही विकायला असतात. सुजलेल्या चेहऱ्याची तरुण मुलगी आली तर तोंडाला काय लावते ते विचारा, आणि डबी आणायला सांगा.

चौथी पायरी: पिशवी टेबलावर ओता

सगळ्यात जास्त उपयोगाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट हीच. "कुठल्या गोळ्या घेता?" या प्रश्नाला "बीपीची नि शुगरची" एवढंच उत्तर येतं. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा आणि ती टेबलावर ओता. सरकारी दवाखान्याची टेल्मिसार्टन, मुंबईच्या लेकाने पाठवलेली दुसऱ्या नावाची टेल्मिसार्टन, तालुक्याच्या डॉक्टरांची पाण्याची (म्हणजे लघवी वाढवणारी) गोळी, शेजारणीने दिलेली गुडघ्याची, वैदूची पुडी, असं सगळं बाहेर येतं. एकच औषध दोन नावांनी दोनदा चाललेलं मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता ते नसलं तर आश्चर्य वाटतं.

पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचायची सवय लावा. नावाच्या शेवटी "प्लस", "एसपी", "एमआर" असलं की थांबा. "ही साधी पॅरासिटामॉलच आहे" म्हणून दाखवलेल्या पट्टीत पॅरासिटामॉलबरोबर असेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हे किडनीला जड जाणारं दुखण्याचं औषध बसलेलं असतं. पुडीच्या औषधाबद्दल रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी पिशवीतून पुडी गायब होईल, पोटातून होणार नाही. शांतपणे सांगायचं की काही भस्मांत पारा, शिसं असू शकतं आणि तुमच्या किडनीला ते झेपणार नाही.

पाचवी पायरी: अंगदुखीची सुई

हे मला सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी नोकरीला नवी होते. जुलै, लावणी जोरात. साठीच्या एक मावशी दुपारी आल्या, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. "कंबर मोडली गो बाय, एक सुई मार, उद्या उरलेली लावणी करायची आहे." डायक्लोफेनॅकची ऑर्डर होती, मी दिली. केसपेपरवर बीपीच्या गोळीचं नाव होतं आणि त्या गोळीत पाण्याचं औषधही होतं. दोन दिवस जुलाब चालू आहेत हे त्यांनी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सून त्यांना रिक्षात घालून घेऊन आली. लघवी जवळजवळ बंद, क्रिएटिनिन ४ च्या वर. पुढे जिल्ह्याला पाठवलं, दोन वेळा डायलिसिस झालं आणि नशिबाने किडन्या सावरल्या. त्या परत भेटल्या तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही. मी मात्र ती दुपार विसरलेले नाही आणि तुम्हीही ऐकून ठेवावी म्हणून सांगते आहे.

त्यात नेमकं काय झालं? टेल्मिसार्टनच्या घराण्यातली औषधं किडनीच्या गाळणीतून बाहेर जाणारी नळी सैल करतात. गाळणीवरचा दाब उतरतो, एरवी तो फायद्याचा. पाण्याची गोळी आणि जुलाब अंगातलं पाणी कमी करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक ही मंडळी आत येणारी नळी आवळतात. पाणी कमी, येणारी वाट अरुंद, जाणारी वाट मोकळी: गाळणीत दाब उरतच नाही. तिन्ही औषधं वेगवेगळी दिली तर प्रत्येक ठीक, एकत्र आली की किडनी बसते.

म्हणून सुई भरण्याआधी चार प्रश्न, तोंडपाठ: बीपीची किंवा पाण्याची गोळी चालू आहे का, जुलाब-उलटी-ताप आहे का, लघवी नेहमीसारखी होते का, किडनीचा आजार आधी कुणी सांगितला आहे का. एकाचंही उत्तर गडबडीचं आलं तर सिरिंज खाली ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉल, शेक, दोन दिवस विश्रांती हे पर्याय असतात. विश्रांती सांगणं सोपं आहे, लावणी थांबत नाही हे मलाही कळतं, पण डायलिसिसला आठवड्याचे तीन दिवस जातात हे मावशींना सांगितलं की त्या ऐकतात. आणि प्रश्न विचारताना "पेनकिलर घेता का?" असं विचारू नका. "अंग दुखलं की काय घेता?" असं विचारा.

सहावी पायरी: रोजच्या गोळ्या आणि सुया

मेटफॉर्मिन: ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस साधारण निम्मा, ३० च्या खाली बंद. ही गोळी किडनी खराब करते असा समज गावभर आहे, तो चुकीचा. किडनी बिघडल्यावर ती अंगात साठते, म्हणून थांबवतात. या गैरसमजापायी लोक आपणहून गोळी सोडतात आणि वाढलेली शुगर मग खरोखर किडनी खाते.

ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन: किडनी मंदावली की ही दोन्ही जास्त वेळ टिकतात. "माझी शुगर आपोआप कंट्रोलमध्ये आली, इन्सुलिन कमी लागतं" असं जुना मधुमेही खुशीत सांगायला लागला तर पेढे घेऊ नका, क्रिएटिनिन करा. सिरिंजचं टोपण बघायला विसरू नका. आपल्याकडच्या कुप्यांत बहुतेक मिलीला ४० युनिटचं इन्सुलिन असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटवाल्याला केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा निम्म्याहूनही कमी, दोन्ही वाईट.

टेल्मिसार्टन, एनालाप्रिल: सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून बंद करत नाहीत. १.० चं १.३ होणं चालतं, १.० चं १.८ होणं चालत नाही. पोटॅशियम ५.५ च्या वर आलं तर डॉक्टरांना लगेच सांगा, पण रक्त काढताना काय झालं तेही सांगा. पेशंटने मूठ फार वेळ आवळून धरली, पातळ सुईतून जोरात ओढलं, नमुना घाटातल्या खड्ड्यांतून हिंदकळत गेला, तर पोटॅशियम खोटं वाढतं.

डापाग्लिफ्लोझिन: २०२० नंतर स्वस्त झाली, आता खेड्यातही दिसते. किडनीला जपणारी शुगरची गोळी आहे. सुरुवातीला ईजीएफआर किंचित उतरतो, ते अपेक्षित. लघवीच्या जागी खाज, बुरशी येऊ शकते. बायका लाजून सांगत नाहीत आणि गोळी सोडून देतात, म्हणून आपणच आधी सांगून ठेवायचं.

जेंटामायसिन, अमिकासिन या प्रतिजैविक सुयांच्या आधी क्रिएटिनिन बघा. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन, गॅबापेंटिन घेणारे किडनीचे आजोबा दिवसभर पेंगत असतील, तोल जात असेल, तर म्हातारपण समजू नका, डोस विचारा. अॅसिडिटीच्या पातळ औषधांत मॅग्नेशियम असतं, ते बिघडलेल्या किडनीत साठतं. लघवी कमी झाली म्हणून फुरोसेमाइडची सुई मारायची घाई करू नका, जीभ कोरडी असेल तर त्या माणसाला पाणी हवं आहे.

आजारी दिवसांचा कागद

किडनी, बीपी किंवा शुगरच्या प्रत्येक पेशंटच्या घरी एक कागद असावा, मोठ्या अक्षरात. जुलाब, उलट्या किंवा जोराचा ताप असून खाणं-पिणं तुटलं असेल तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी आणि पाण्याची गोळी त्या दिवसापुरती थांबवायची का, हे विचारायला लगेच फोन करायचा. डायक्लोफेनॅकच्या जातीची दुखण्याची गोळी तर घ्यायचीच नाही. खाणं-पिणं सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत परत चालू करायच्या. आशाताईंना हा कागद नीट समजावून द्या, रात्री नऊ वाजता दार त्यांचंच ठोठावलं जातं. "परत चालू करायच्या" ही ओळ ठळक करा. थांबवलेली गोळी सहा महिने थांबलेलीच राहते.

सातवी पायरी: पावसाळा

जुलै ते ऑक्टोबर, ताप आणि पोटऱ्या दुखत असलेला शेतकरी, डोळे लाल: लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, डोक्यात आणा. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत हे नवीन नाही. लेप्टोमध्ये किडनीला मार बसतो, पण सुरुवातीला लघवी कमी होईलच असं नाही, पोटॅशियमही वाढण्याऐवजी कमी असू शकतं. लघवी होते म्हणून निर्धास्त राहू नका. अंग ठणकतं म्हणून डायक्लोफेनॅक मारणं इथे दुप्पट घातक. तीच गोष्ट डेंग्यूत. लेप्टोवरच्या डॉक्सीसायक्लिनला किडनीसाठी डोस कमी करावा लागत नाही, ही जमेची बाजू. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याने, आणि लगेच आडवं न होता घ्यायची, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध किंवा लोहाच्या गोळीबरोबर द्यायची नाही. गरोदर बाईला आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दुसरं, साप. कातळावरचं फुरसं आणि घोणस दोन्ही रक्त गोठणं बिघडवतात, आणि घोणशीचं विष विशेषकरून किडनी बसवतं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन-तीन मिली ताजं रक्त घ्या, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवा, मग एकदाच आडवी करा. रक्त वाहिलं तर गोठत नाही. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नको, आणि साबणाने धुतलेलीही नको, दोन्हीत निकाल चुकतो. प्रतिविषाचा डोस किडनीसाठी किंवा वयासाठी कमी करत नाहीत, विष तेवढंच असतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, स्नायूत सुई नको. पुढे पाठवताना चिठ्ठीवर चाव्याची वेळ, नळीचा निकाल आणि शेवटची लघवी कधी व किती झाली हे लिहा. १०८ ची गाडी येईपर्यंत ही चिठ्ठी तयार असली पाहिजे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात

मीठ: सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, लोणचं, पापड. पावसाळ्यात घरात भाजी नसते तेव्हा ताटात हेच असतं, त्यामुळे "बंद करा" म्हणून चालत नाही. सुकी मासळी भिजवून दोन पाणी टाकून द्या आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका, असं सांगा. शहाळं आजाऱ्याला नेण्याची आपली रीत आहे, पण पोटॅशियम वाढलेल्या माणसाला ते धोक्याचं, पेलाभरात ५०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम जातं. बिंबलं आणि करमर, म्हणजे आडवं कापल्यावर चांदणीसारखी फोड होते ते फळ, दोन्हीत ऑक्झलेट भरपूर. बिंबलाचा रस औषध म्हणून पेलाभर पिऊन किडनी बंद पडल्याचे पेशंट केरळमध्ये नोंदले गेले आहेत. आमटीत दोन बिंबलं घालणाऱ्या निरोगी माणसाला घाबरवू नका. किडनीच्या पेशंटला करमर मात्र एक फोडही नको, त्यातल्या विषारी द्रव्याने न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात.

आठवी पायरी: डायलिसिसवरचा माणूस दारात आला तर

त्याच्या एका हातावर फिस्टुला असतो, म्हणजे शीर आणि धमनी जोडलेली जागा. तळहात हलकेच ठेवलात तर मांजर गुरगुरावं तशी थरथर जाणवते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, बांगडी-घड्याळ घट्ट नाही. थरथर थांबली असेल तर त्याच दिवशी डायलिसिस सेंटरला फोन. आणि ज्यांना अजून डायलिसिस लागलेलं नाही पण ईजीएफआर ३० च्या खाली आहे, त्यांचं रक्त काढायला आणि सलाईनला पंजाच्या मागच्या बाजूच्या शिरा वापरा. मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा उद्याच्या फिस्टुलासाठी राखून ठेवायच्या. आपण सवयीने सगळ्यात जाड शीर शोधतो. ती त्याची ठेव आहे.

पैशांची भीती सगळ्यात आधी बोलली जाते. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा, शक्य असेल तर आधी स्वतः फोन लावून द्या. तळकोकणातले बरेच जण गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात, त्यांची फाइल मराठी-इंग्रजीत नीट लावून द्या.

गणपतीत चाकरमानी येतात, त्यांत डायलिसिसवरचेही असतात. दहा दिवसांसाठी गावी आलेला माणूस आरतीच्या आणि विसर्जनाच्या गडबडीत एक खेप चुकवतो, वर मोदक, उसळ, सोलकढी, शहाळं होतं, आणि मध्यरात्री धाप लागून आपल्याकडे येतो. ऑगस्टमध्येच आशाताईंकडून वाडीवाडीतली यादी घ्या: कोण येणार आहे, आठवड्यातून किती वेळा डायलिसिस, शेवटचं कधी झालं, जवळच्या केंद्रात जागा ठरवली आहे का. या यादीत इथेच राहणाऱ्यांचीही नावं हवीत. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा रस्ते बंद पडले होते. रेड अलर्टचा निरोप आला की यादीतल्या प्रत्येकाला फोन करा, उद्याची खेप आज होते का ते केंद्राला विचारा, आणि रस्ता बंद झालाच तर पाणी, मीठ, फळं किती कमी करायची ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरी पोचवा. यादी कपाटात ठेवू नका, भिंतीवर फोनच्या शेजारी लावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नाहीतर पावसाळी ओलीने शाई ओघळते.